परिस्थिती चांगली असल्याचा पंचनामा

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी एका अनोळखी बाईंना छातीठोकपणे सांगितलं, की माझी आई या वयातही सुईत दोरा ओवते. नुसतं सांगितलं नाही, त्याखाली सही केली. आईला तेव्हा समोरच्या दारात कोण उभं आहे हेसुद्धा दिसत नव्हतं. तिचा उजवा डोळा कधीचाच गेलेला. डाव्याच्या पडद्याला सूज. ती सूज खाली ठेवायला दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन द्यावं लागायचं, आणि ते चुकलं तर डावाही जाईल असं डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगून ठेवलं होतं.

इतकं मोठं खोटं मी एरवी बोलत नाही. थोडंथोडं, चवीपुरतं बोलतो. त्या दिवशी मात्र कारण होतं. आमच्या मुलीसाठी अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणाले होते, "या आठवड्यात त्यांच्याकडचं कोणी तरी येऊन घर पाहून जाईल. मुद्दाम कळवणार नाहीत." आमच्याकडे ही रीत आहे. कळवून गेलं तर घर सजवलेलं दिसतं, न कळवता गेलं तर आहे तसं सापडतं. मुलगी पुण्यात नोकरीला. तिला या स्थळाबद्दल निम्मंच सांगितलेलं होतं. उरलेलं निम्मं मी एकटा सांभाळत होतो, आठवडाभर, इस्त्रीच्या सदऱ्यात.

भरदुपारी मी घरी कसा, तर तेही सांगून टाकतो. लकडगंजात एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मी नोकरीला आहे. चौकटी, दारं, प्लायवूड. मंदी आली, शहरातली बांधकामं थंडावली आणि दारं कोणी घेईना. दिवाळीनंतर शेठनं मला अर्ध्या दिवसावर आणलं. पगारही त्याच मापानं आला. गल्लीत मात्र मी असं सांगितलं होतं, की जुन्या माणसांना आता दुपारनंतर घरून काम करायची मुभा मिळाली आहे.

तर बेल वाजली. दारात चाळिशीतल्या एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेला, उन्हानं चेहरा लाल झालेला. मागे चष्मा लावलेले एक गृहस्थ, काखेत फाईल. बाई म्हणाल्या, "नमस्कार, आम्ही घरच्या माहितीसाठी..."

"या, या," मी म्हणालो. "तुमचीच वाट पाहत होतो."

त्यांना बोलू द्यायला हवं होतं. पण मला एखाद्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायची सवय नाही, आणि बायको घरी नव्हती. ती साड्यांना फॉल-पिको करते. त्यासाठी दोरे आणायला महाल भागातल्या बाजारात गेली होती. ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी कूलर त्यांच्याकडे फिरवला, माठातलं पाणी दिलं, पन्हं केलं. गृहस्थांनी फाईल उघडून एक छापील कागद काढला आणि पेन सरसावलं. क्षणभर मी चमकलो. पण मुलाचे काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेत असं मध्यस्थ म्हणाले होते. मला वाटलं, खात्याचा माणूस, सोयरीकसुद्धा मोजणी केल्याशिवाय करणार नाही.

बाईंनी विचारलं, "घर स्वतःचं आहे?"

"स्वतःचं. वर मजला चढवतो आहे."

"घरात एसी?"

भिंतीवर एसी होताच. मी नुसता हात दाखवला.

"चारचाकी?"

"बाहेर शेडमध्ये पाहिली असेल तुम्ही."

"गावाकडे शेती?"

"काटोलकडे. संत्र्याची झाडं आहेत."

"कमावतं कोण कोण?"

"मी, मुलगी, आणि घरच्यांचा स्वतःचा व्यवसाय आहे."

आता वाचकांनीच सांगावं, यातला कोणता प्रश्न मुलाकडचे विचारत नाहीत? गृहस्थ भराभर खुणा करत होते आणि प्रत्येक खुणेसरशी मला मुलीचं लग्न एक पाऊल पुढे गेल्यासारखं वाटत होतं. मग बाईंनी आवाज जरा हळू केला. "आजींची तब्येत कशी आहे? डोळ्यांचा काही त्रास?"

मी सावध झालो. सोयरिकीत घराण्यातल्या आजारांची चौकशी होतेच. डोळ्याचं म्हटलं तर पुढच्या पिढीत उतरेल का, इथपर्यंत लोक जातात.

"छे," मी म्हणालो. "आई ठणठणीत आहे. अजून सुईत दोरा ओवते."

"त्यांना भेटता येईल?"

"आत्ताच झोपली."

आई आतल्या खोलीत चांगली जागी होती. मला फक्त एवढंच नको होतं, की तिनं भिंत चाचपत बाहेर यावं आणि ते यांनी पाहावं.

गृहस्थांनी कागद पुढे केला. "इथं सही."

मी सही केली. टोपण लावून पेन परत दिलं आणि मोकळ्या मनानं विचारलं, "मग मुलाला कधी घेऊन येता?"

बाईंनी गृहस्थांकडे पाहिलं. गृहस्थांनी फाईलकडे पाहिलं. "कोणत्या मुलाला?" बाई म्हणाल्या.

बाई शाळेत शिक्षिका होत्या. सुट्टीतली ड्यूटी लागली होती. गृहस्थ वॉर्डाच्या ऑफिसातले. ते दोघं आले होते आईच्या कार्डाच्या पडताळणीला.

हे कार्ड म्हणजे सत्तरीपुढच्या माणसांसाठी मोफत उपचारांचं कार्ड. सुरुवातीला ते सरसकट सगळ्यांना मिळालं. वय सांगा, कार्ड घ्या. आईची डोळ्यातली इंजेक्शनं त्याच्यावरच चालू होती. एका इंजेक्शनची बाहेरची किंमत ऐकली तेव्हा मी डॉक्टरांना दोनदा विचारलं होतं, की हे एका डोळ्याचं का दोन्ही डोळ्यांचं. मग मंदीत सरकारच्या तिजोरीलाही झळ लागली, आणि ठरलं, की यापुढे घरची परिस्थिती पाहून कार्ड चालू ठेवायचं. ज्यांचं बरं चाललंय त्यांनी आपलं आपण बघावं.

ही बातमी आली त्या दिवशी आमच्या सक्करदऱ्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर, मी या निर्णयाच्या बाजूनं बोललो होतो. चांगली पंधरा मिनिटं. "बंगलेवाल्याले फुकट औषध कायले पाहिजे गा?" असं मी टपरीवाल्याला विचारलं होतं. त्याचं काही म्हणणं नव्हतं, पण त्यानं मान हलवली. खरं सांगायचं तर मला आजही ते चूक वाटत नाही. जे थोडं आहे ते आधी गरजेच्या माणसाकडे जावं, यात वाईट काय? फक्त गरजेचा माणूस ओळखायला कोणी तरी घरोघर जावं लागतं, आणि त्या घरांपैकी एका घरात मी बसलेला असतो, हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

मी बाईंना म्हणालो, "मॅडम, मी जरा वाढवून सांगितलं."

त्या उठता उठता थांबल्या. "सगळेच असं म्हणतात. आम्ही कशाला आलोय ते कळलं, की मग बोलणं बदलतं."

"नाही, मी खरंच..."

"फॉर्मला नंबर आहे. मला खोडता येत नाही. हरकत असेल तर अर्ज करा." जाताना त्यांनी पन्ह्याचं मात्र कौतुक केलं.

मी आत गेलो. आई कॉटवर बसली होती.

"गेले काय सोयरे?" तिनं विचारलं.

"सोयरे नव्हते. कार्डवाले होते."

आईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "सुई वाली गोष्ट मले आवडली."

बायको महालातून आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तिनं पिशवी खाली ठेवली, दोऱ्यांची रिळं एकेक करून डब्यात लावली, आणि डबा बंद करून म्हणाली, "फॉर्म घेऊन कोणी पोरगी पाहाले येते काय?"

"काका भूमापनातले होते ना."

"अन् माहा व्यवसाय कोणता सांगतला?"

"स्वतःचा सांगितला."

"तो तर आहेच," ती म्हणाली, आणि आईला चहा द्यायला गेली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. कार्ड थांबवलं होतं. कारणं दोन दिली होती. कुटुंब आर्थिकदृष्ट्या सक्षम आहे, आणि लाभार्थीस सध्या उपचारांची निकड दिसत नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला सक्षम म्हणणारा तो पहिला कागद. दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकून पाहिला आणि नाही म्हणून मान हलवली. इंजेक्शनची तारीख गेली. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन आठवडे एखाद वेळी चालून जाईल. त्यापुढे सूज परत चढली तर गेलेलं परत आणता येत नाही. एक तरी बाहेरून घेऊन टाका."

बाहेरून घेण्याचा विचार आम्ही केला. मुलगी म्हणाली मी पाठवते. पण तिच्याही कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं आणि ती स्वतः एका खोलीत तिघींबरोबर राहत होती. आईनंच नको म्हटलं. "पोरीचे पैसे डोळ्यात कायले घालतं?" म्हणाली. मग मी अर्ज करायला गेलो.

वॉर्डाच्या ऑफिसात त्या दिवशीचेच फाईलवाले गृहस्थ भेटले. माणूस भला होता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि समजावलं, "साहेब, लोक चांगली परिस्थिती लपवतात. त्यासाठी आमच्याकडे नियम आहेत. तुम्ही वाईट लपवली. याच्यासाठी वेगळा नियम नाही. सही तुमचीच आहे. आता तुम्हाला लिहून द्यावं लागेल, की सांगितलं ते खरं नव्हतं. मग आम्ही परत येऊ, आणि पंचनामा करू. दोन पंच लागतील. शेजारचेच पाहिजेत, नात्यातले चालत नाहीत."

"पंच काय सांगणार?"

"तुमची परिस्थिती काय आहे ते."

मी खुर्चीवरून उठलो तेव्हा अर्जाची मला चिंता नव्हती. अर्ज मी चार वेळा लिहिला आणि चौथ्यांदा बायकोनं त्यातली तीन वाक्यं काढून टाकल्यावर तो एका पानात बसला. चिंता शेजाऱ्यांची होती. वीस वर्षं मी त्या गल्लीत राहतो. वीस वर्षांत शेजारच्या दोन घरांना मी जे काही सांगून ठेवलं होतं, ते आता त्यांच्याच तोंडून खोटं ठरवून घ्यायचं होतं. जाऊन म्हणायचं काय? काका, मी तितका बरा नाही असं लिहून द्या?

दोन दिवस मी गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं चहा ओतताना कपाच्या कडेला आतून बोट धरलेलं मी पाहिलं. चहा बोटाला लागला की ती थांबायची. हे ती कधीपासून करत होती मला माहीत नव्हतं. मी चप्पल घातली.

उजव्या हाताच्या घरात एक काका राहतात. रेल्वेतून निवृत्त. सत्तरी गाठलेले, पण कमरेत ताठ. ते अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी आडवळणानं सुरुवात केली. मंदीपासून. त्यांनी पाइप बाजूला धरला.

"भाऊ, सरळ सांगा ना. काय पाहिजे?"

मी सरळ सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटेल म्हणून मी चेहरा तयार ठेवला होता. त्यांनी पाइप पुन्हा जास्वंदीकडे वळवला. "मंग येतो ना. कधी येऊन राहिले ते लोक?"

समोरच्या घरातल्या काकू मेस चालवतात, विद्यार्थ्यांना डबे देतात. त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हाव, येतो. फक्त साडेबारानंतर ठेवजा, डबे गेल्यावर." बस. वीस वर्षांचा डोलारा, आणि तो उतरवायला मला दोन्ही घरांत मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. थोडं वाईटच वाटलं.

पंचनाम्याच्या दिवशी मी शेडमधली गाडी हलवायला निघालो होतो. बायकोनं किल्ली काढून घेतली. "काही हलवू नका. काही लपवू नका. काही बोलू नका." ही तिसरी सूचना तिनं दोनदा केली.

बाई आल्या, गृहस्थ आले, डबे गेल्यावर काकू आल्या. काका तर धुतलेला पांढरा सदरा घालून आधीच येऊन बसले होते. हॉलमध्ये सगळे गोल बसलो. आईला मी खुर्चीत बसवलं. गृहस्थांनी नवा कागद काढला.

"एसी," बाई म्हणाल्या.

"तीन उन्हाळे झाले, बंद आहे," काका म्हणाले. "लावला का मीटर पडते. आमच्याही घरचे दिवे जाते. त्याच्यापेक्षा कूलर बरा, पण त्याचा आवाज आमच्या बेडरूममधी येते."

"चारचाकी?"

"शेठची आहे. त्याइच्या गल्लीत ट्रक लागते म्हणून इथं ठेवते. भाऊ दर रविवारी स्टार्ट करून बंद करते. कुठं जात नाही."

मी कुठं जात नाही हे काकांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

"वरचा मजला?"

आता काकूंना बोलायचं होतं. "कायचा मजला वं बाई. पंधरा वर्षांपासून सळया उभ्या आहेत. पावसाळ्यात मी माह्या कडच्या सळयाइवर दोरी बांधतो, पोराइचे टॉवेल वाळाले."

गृहस्थांनी लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "सदर इमारतीवर वरचा मजला नाही. सळया आहेत. त्यांचा वापर शेजारी करतात."

"काटोलची शेती?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायचं नव्हतं. मी बायकोकडे पाहिलं.

"होती," बायको म्हणाली. "सासऱ्याच्या आजारपणात विकली. आता तिकडून फक्त एक नातेवाईक संत्री पाठवते, तेही आठवण आली तर."

तेवढ्यात काकांना आणखी काही सुचलं. "मॅडम, हे लिहायचं असेल तर लिहा, नाही तर राहू द्या. पण सांगतो. आमच्या गणपतीच्या वर्गणीचं पुस्तक आम्ही दरवर्षी पहिले यांच्याच घरी नेतो."

मी जरा सावरून बसलो. पहिला मान माझा, हे खरंच होतं. ते मी पाहुण्यांनाही सांगायचो.

"काहून का," काका म्हणाले, "नंतर नेलं तर भाऊ वरचे आकडे पाहाते अन् उगाच हात सैल सोडते. कोऱ्या पानावर त्याले जमते तेवढं लिहिते."

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. काकू पदराचं टोक नीट करत होत्या. मी कूलरकडे पाहत राहिलो, आणि मनात मागचे दहा-बारा गणपती एकदम मोजून झाले.

आता फक्त आई राहिली होती. बाई तिच्याकडे वळल्या. त्या तिच्यासमोर पाच हातांवर बसल्या होत्या. "आजी, तुम्हाला दिसतं का नीट?"

आईनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. ती दिशा थोडी चुकली, पण तिनं मान तशीच ठेवली.

"दिसते ना," आई म्हणाली. "पोरानं सांगतलं ना तुमाले त्या दिवशी."

"आजी, ते आधीचं राहू द्या. आत्ता सांगा."

"आत्ताबी दिसते. सुई आणा."

गृहस्थांचं पेन थांबलं. बाई माझ्याकडे पाहू लागल्या, आणि त्या नजरेत मला ते सगळं दिसलं जे त्यांनी उन्हातान्हात घरोघर फिरून पाहिलं असणार. एकाच घरात तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. त्यांनी कोणती लिहायची? त्यांनी आईचं लिहिलं असतं तर त्यांची चूक नव्हती. लाभार्थी तीच होती. आणि आई ते बदलणार नव्हती. हे मला कळत होतं, कारण तिचा मी मुलगा आहे. शेजाऱ्यांनी एसी, गाडी, मजला सगळं काढून घेतलं होतं. पोराचा शब्द तेवढा उरला होता, आणि तो ती चार माणसांत पडू देणार नव्हती. मग डोळा गेला तरी चालेल.

बायकोनं बोलू नका म्हटलं होतं. मी बोललो.

"आई, मी त्या दिवशी खोटं बोललो. तुले दिसत नाही."

"माहीत आहे मले," आई म्हणाली. "पण लोकाइसमोर कायले सांगतं?"

"ते लोक नाहीत. ते काका आहेत. समोरच्या काकू आहेत."

"आजी," काका पुढे सरकून म्हणाले, "मी सकाळी गेटावर आलो का पहिले खोकलतो, तवा तुम्ही या भाऊसाहेब म्हणता. आधी लांबूनच हात दाखवत होत्या. मले काय कळत नाही?"

 आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बाईंना, या वेळी अगदी बरोबर त्यांच्याच दिशेनं, म्हणाली, "मधात काळा डाग आहे. माणसाचे कान दिसते, तोंड दिसत नाही. या पोरासारखे मोठे कान असले तर मी वळखतो."

गृहस्थांनी ते लिहून घेतलं, कानांचं सोडून. काकांनी सही केली. काकूंनी केली. मग मी केली, आणि या वेळी आधी पूर्ण वाचलं. जाताना बाई दाराशी थांबल्या. म्हणाल्या, "लोक आमच्यासाठी फ्रीज शेजारी नेऊन ठेवतात. गरीब दिसायला. तुमच्यासारखं उलटं मी पहिल्यांदा पाहिलं." मग म्हणाल्या, "पण चौकशी त्यांच्याचमुळे करावी लागते, आणि मग ती तुमच्याकडेही येते." त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि पुढच्या घराकडे गेल्या.

अमरावतीचे लोक शेवटपर्यंत आले नाहीत. मुलानं स्वतःच कुठे तरी जमवलं होतं, असं नंतर कळलं. मुलगी फोनवर म्हणाली, "बरं झालं बाबा, त्यांच्यासमोर तुम्ही काय काय सांगितलं असतं." मी म्हणालो, सांगून झालं आहे.

कार्ड पुन्हा चालू व्हायला पावसाळ्याचा अर्धा भाग गेला. तोवर दोन इंजेक्शनं हुकली होती. तक्त्यावर आई आधी वरून चौथ्या ओळीपर्यंत वाचायची. आता दुसरीवर थांबते. डॉक्टर म्हणाले, यापुढे न चुकता घेतली तर ही दुसरी टिकेल. गेलेल्या दोन ओळींबद्दल ते काही म्हणाले नाहीत. आईनंही विचारलं नाही. स्कूटरवर मागे बसून घरी येताना तिनं फक्त माझा खांदा नेहमीपेक्षा जरा घट्ट धरला होता. त्या दोन ओळी माझ्या आहेत. ते मी कोणावर ढकलत नाही, भूमापन खात्यावरसुद्धा नाही.

आता मागच्या आठवड्यातलं. शेठनं मला बोलावून घेतलं. वर्धा रोडला कुठलं तरी मोठं काम निघालं होतं, दारांची मागणी आली होती. "पुढच्या महिन्यापासून पूर्ण दिवस ये," म्हणाला. मला इतका आनंद झाला, की लकडगंजातून सक्करदऱ्यापर्यंत मी स्कूटर हळूहळू चालवली. हा आनंद लवकर संपू नये म्हणून. पण घरी येऊन कार्डाची मागची बाजू वाचली. पंचनाम्यापासून मला सगळं वाचायची सवय लागली आहे. उत्पन्न वाढलं तर पंधरा दिवसांत कळवावं, असं तिथं छापलेलं आहे. पूर्ण पगार झाला की आम्ही मर्यादेच्या जरासे वर जातो. जरासेच. वाढलेल्या त्या पगारात महिन्याचं एक इंजेक्शन बसत नाही. डॉक्टरांनी अजून चार सांगितली होती, त्यानंतर अंतर वाढवू म्हणाले होते.

म्हणजे मला अडचण अशी आली होती, की माझी परिस्थिती सुधारत होती, आणि ती मला परवडत नव्हती. आयुष्यभर मी जे नाही ते आहे म्हणून सांगितलं. आता होऊ घातलेलं नको म्हणायचं, तेही शेठला, ज्यानं मंदीत मला काढून न टाकता ठेवलं. कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि मी नाही म्हटलं तर तो दुसरा माणूस घेईल, हेही होतं.

बायको मशीनवर बसली होती. मी तिला शेठचं सांगितलं, कार्डाच्या मागच्या बाजूचं सांगितलं, आणि मग या दोन्हींवर माझे विचारही सांगितले. ते बराच वेळ चालले. तिनं साडी पूर्ण होईपर्यंत पाय थांबवला नाही. मग दोरा दातानं तोडला.

"चार इंजेक्शनं होऊ द्या," ती म्हणाली. "मंग जा पूर्ण दिवस. अन् शेठ विचारन काहून, तर म्हणा, बायको नाही म्हणते."